डिस्ट्रिब्युटरची वाटणी

काचेचा धंदा करणाऱ्या दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा घर निम्मं निम्मं झालं, दुकान निम्मं निम्मं झालं, आणि जिन्याला सतरा पायऱ्या निघाल्या म्हणून मधली नववी पायरी सामाईक ठरली. काच कापायच्या हिरकण्या दोन होत्या, त्या एकेक वाटून गेल्या. सगळं अडलं ते पिकअपपाशी. पिकअप एकच होती आणि मधोमध कापली असती तर चालली नसती. न कापताही ती फारशी चालत नव्हती, पण ते दोघांपैकी कुणीच कबूल करत नव्हतं.

वाटणी करायला मामा आले होते. कपाटं, शिड्या, लाकडी चौकटी, खिळ्यांचे डबे असं वाटता वाटता दुपारपर्यंत त्यांचा घसा बसला होता. पिकअपचं नाव निघाल्यावर त्यांनी सोपा तोडगा काढला: एक दिवस याची, एक दिवस त्याची. दोघेही तयार झाले. मग थोरला म्हणाला, "माझ्या दिवशी मी पॉइंटची गॅप अठरा ठेवणार." धाकटा म्हणाला, "म्हणजे माझा दिवस ती परत सोळावर आणण्यात जाणार." तेव्हा मामांच्या लक्षात आलं की आज आपल्याला वेळेवर जेवण मिळत नाही.

आता ही गॅप म्हणजे काय, ते सांगायला हवं. जुन्या गाडीच्या इंजिनाला ठिणगी पोचवणारा एक डबा असतो, डिस्ट्रिब्युटर. त्याच्या डोक्यावर काळी टोपी असते. टोपी काढली की आत नखाएवढे दोन पॉइंट दिसतात. ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात, आणि दर सुटण्यासरशी एका प्लगला ठिणगी जाते. सुटतात तेव्हा दोघांच्या मध्ये फट किती राहावी, यावर सगळा खेळ. इंचाचे हजार भाग करायचे आणि त्यातले अठरा घ्यायचे, असं थोरल्याचं म्हणणं. सोळाच घ्यायचे, असं धाकट्याचं. वडील होते तोवर ते पोस्टकार्डाची कड घालून फट बघत. जाण्यापूर्वी त्यांनी कुणाला काय द्यायचं, कुणाला काय सांगायचं, सगळं सांगितलं. ते पोस्टकार्ड केवढ्या जाडीचं होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

इंचाच्या दोन हजारांश भागावरून सख्खे भाऊ अबोला धरतात हे कुणाला खरं वाटत नाही, म्हणून धाकटा लोकांना कारण सांगतच नसे. तसा मध्ये एक आरसाही होता. नाच शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गासाठी सहा फुटी आरसा घेऊन दोघे चढ चढत होते, पिकअपला ठसका लागला, मागून धाड असा बार निघाला आणि आरशाचे नऊ तुकडे झाले. दोघे खाली उतरले. मग त्या नऊ तुकड्यांत अठरा भाऊ एकमेकांवर ओरडू लागले. "तुझी गॅप," असं नऊ जण म्हणत होते आणि "तुझं टायमिंग," असं उरलेले नऊ. त्या दिवसापासून एकमेकांशी बोलणं बंद. मामांपुढेही दोघे बोलले ते मामांकडे बघून.

मामांनी बराच वेळ कपाळ चोळलं आणि वैतागून निवाडा दिला, "टोपीच्या आतलं थोरल्याचं. टोपीच्या बाहेरचं धाकट्याचं. आणि आता मला कुणीतरी चहा द्या."

मामा हे टोमण्यानं बोलले होते. पण दोघांनी ते कागदावर लिहून घेतलं, खाली सह्या केल्या आणि मामांची साक्ष घेतली.

तेव्हापासून अकरा वर्षं रोज सकाळी आठ वाजता अंगणात एकच प्रकार चाले. थोरला येई, बॉनेट उघडी, टोपी काढी, पॉइंटवरून बारीक पॉलिश पेपरची पट्टी फिरवी, खिशातली पोलादी पात्याची पट्टी फटीत घालून अठराची गॅप बसवी, टोपी लावी आणि न बघता केबिनमध्ये जाऊन चावीपाशी बसे. मग धाकटा येई. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी एक बोल्ट असतो. तो ढिला केला की सगळा डबा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवता येतो आणि ठिणगी कुठल्या क्षणी पडायची ते ठरतं. तेच टायमिंग. तो डबा दोन्ही हातांत धरून म्हणे, "मार." थोरला चावी मारी. इंजिन खोकत, कण्हत फिरे. "थांब," धाकटा म्हणे. पुन्हा "मार." पुन्हा "थांब." कधी तीन वेळा, कधी तेरा वेळा. एकदाची गाडी सुरू झाली की थोरला उतरून दुसऱ्या बाजूला जाऊन बसे आणि दोघे दिवसभर शेजारी शेजारी बसून मुक्यानं काचा पोचवत. रविवारी दुकान बंद, म्हणून त्या दिवशी "मार" नाही आणि "थांब"ही नाही.

यात एक गंमत अशी होती की गॅप वाढली तर ठिणगी लवकर पडते. म्हणून धाकटा थोरल्याची गॅप मनात धरून डबा जरा मागे फिरवी. थोरल्याला ते माहीत होतं, म्हणून तो अठराच्या पट्टीला जरा सैल हात ठेवी. धाकट्याला तेही माहीत होतं, म्हणून तो आणखी मागे फिरवी. असं करता करता अकरा वर्षांत डिस्ट्रिब्युटर इतका फिरला होता की आणखी दोन वर्षं गेली असती तर त्यानं मागे वळून रस्त्याकडे पाहिलं असतं. गल्लीतले लोक पिकअपच्या आवाजावर घड्याळं लावत नसत, पण दवाखान्यातली नर्स म्हणे की ती गाडी जवळून गेली की पेशंटना आपला खोकला बरा वाटू लागतो.

धाकट्याला स्वतःविषयी एवढंच वाटे की आपण शब्दाचे पक्के आहोत. रोजचे ते दोन शब्द मात्र त्याला खुपत. थोरल्याशी बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला रोज सकाळी त्याच्याशीच बोलून दिवस सुरू करावा लागावा, यासारखी नामुष्की नाही. गाडी सुधारली असती तर तेवढंही बोलावं लागलं नसतं. पण सुधारायची म्हणजे आधी विचारायला हवं, आणि विचारायचं म्हणजे बोलायला हवं.

ही कोंडी पुतणीनं फोडली. थोरल्याची ती एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, काकूनंच वाढवलं. आता बसनं सहा तासांवरच्या गावात संसार आणि तिथल्याच तांत्रिक शाळेत मोटारीचं काम शिकवते. सुटीत आली, सकाळी खिडकीतून तो सगळा सोहळा बघितला आणि चहाचा कप घेऊन अंगणात उतरली.

"काका, ही गाडी आहे का शिक्षा?"

"तुझ्या बाबांना विचार."

"बाबा म्हणतात, तुझ्या काकाला विचार."

"मग उत्तर मिळालं की तुला."

"अडुसष्ट वर्षांचा माणूस रोज सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहतो. पाठीत धरलं म्हणजे?"

"त्याच्या पाठीचं मला काय सांगतेस. ती टोपीच्या आतल्या भागात येते."

पुतणीनं काकांकडे नुसतं बघितलं. वर्गात नापास मुलांकडे बघते तसं. दुसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन एक डबी घेऊन आली. डबीत आगपेटीएवढा काळा ठोकळा होता, एक चुंबकाचं कडं होतं आणि दोन वायरी. दुपारी तिनं टोपी काढली, पॉइंट काढले, त्यांच्या शेजारचा कंडेन्सर काढला, सगळं स्क्रूंच्या डब्यात टाकून डबा फळीवर ठेवला. पॉइंटच्या जागी त्यांचंच काम न झिजता करणारा काळा ठोकळा बसवला, मधल्या दांड्यावर कडं सरकवलं, एक वायर ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. प्लग नवे, प्लगच्या जाड वायरी नव्या. बॅटरीच्या अर्थची गंजलेली वायर घासून चकचकीत केली. शेवटी लुकलुकणारा दिवा धरून टायमिंग लावलं आणि बोल्ट असा आवळला की धाकट्याला तो आपल्या गळ्याभोवतीच आवळल्यासारखा वाटला.

"संपलं," ती हात पुसत म्हणाली. "आता गॅप नाही की रोजचं टायमिंग नाही. वर्षातून एकदा टोपी काढायची, आतून कोरड्या फडक्यानं पुसायची, चीर गेली आहे का बघायचं. बाकी बघायचं नाही काही."

थोरला इतका वेळ लांबून बघत होता. तो जवळ आला, डिस्ट्रिब्युटरमध्ये डोकावला आणि म्हणाला, "आत काय राहिलं मग?"

"झिजणारं काहीच नाही, बाबा," ती म्हणाली. आनंदाची बातमी म्हणूनच तिनं ती सांगितली.

सोमवारी धाकट्यानं चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. तिनं अकरा वर्षं उगाच नाटक केलं, असंच वाटावं. थोरला अंगणात पाच पावलांवर उभा होता. धाकट्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आज "मार" नाही, "थांब" नाही; आज त्याचा अबोला पहिल्यांदाच अखंड, निर्भेळ आणि कामाच्या दिवशीसुद्धा रविवारसारखा झाला होता. तो एकटाच काचा घेऊन गेला. चावी मारायला कुणी लागत नव्हतं, तर शेजारी बसायलाही कुणी लागत नव्हतं, हे दोघांनाही न बोलता कळलं.

पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात धाकट्याच्या लक्षात आलं की गाडीत दिवसभर आपणच आपल्याशी बोलतो आहोत, आणि तेही फारसं ऐकण्यासारखं नाही. आधीही थोरला बोलत नव्हताच. पण शेजारी बसून न बोलणारा माणूस आणि रिकामी सीट यांत फरक असतो, आणि वळणावर काचेच्या चौकटीला मागे हात लावणारं कुणी नसलं की तो जास्तच जाणवतो.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या बायकोनं तोंड उघडलं. अकरा वर्षं ती दोन राज्यांमधल्या वकिलासारखी निरोप इकडून तिकडे नेत होती आणि वाटेत त्यांतले काटे काढत होती. स्वयंपाकघर वाटणीत धाकट्याकडे आलं होतं, म्हणून थोरला जेवायला तिथंच येई आणि भावाकडे पाठ करून जेवी.

"भाऊजी रोज आठला अंगणात येतात," ती म्हणाली. "बॉनेटवर हात ठेवतात आणि परत जातात. आज निरोप दिलाय. गुरुवारच्या साडेनऊच्या बसनं लेकीकडे निघालेत. कायमचे."

धाकटा ब्लेडनं काचेवरचा रंग खरवडत होता. "कायमचं म्हणजे किती दिवस?"

"कायमचं म्हणजे कायमचं. ते म्हणाले, माझ्या वाट्याचं होतं ते टोपीच्या आत होतं. आता आत काही नाही. मग मी तरी कशाला अडून बसू?"

"जाऊ दे मग. त्याची मर्जी."

"हो का? परवापासून त्यांच्या खांद्यावरून ताटाकडे बघत जेवताय ते काय भाजी बघताय?"

"तू सांग की त्याला राहायला."

"मी सांगितलं. ते म्हणाले, सांगणाऱ्यानं सांगावं."

"म्हणजे कुणी?"

"आता मीच सांगू कुणी ते?" तिनं चहाचा कप त्याच्यासमोर आपटला नाही, फक्त जरा जोरात ठेवला. "'दादा, जाऊ नको.' मोजा, किती शब्द झाले."

"तीन."

"रोज सकाळी तेरा वेळा मार आणि तेरा वेळा थांब म्हणायचात."

"ते गाडीसाठी होतं," धाकटा म्हणाला. आणि हे त्याला अगदी पटलेलं होतं.

सुंभ जळतो, पीळ राहतो. धाकट्याच्या पिळाला मात्र एक गुण होता: सरळ वाट बंद असली की तो वाकडी शोधून काढी. बुधवारी दुपारी थोरला प्रवासासाठी केस कापून घ्यायला गेला आणि धाकट्याला वाट सापडली. उद्या बसथांब्यावर सोडायला जायचं ते पिकअपनंच. पिकअप सुरूच झाली नाही, तर? थोरल्याला कोट काढून ठेवावा लागेल, बॉनेट उघडावं लागेल, टोपी काढावी लागेल. टोपीच्या आत आपले जुने पॉइंट दिसले की त्याला पुन्हा वाटा मिळेल. तोवर साडेनऊ वाजून जातील. आणि या सगळ्यात आपल्याला "मार" आणि "थांब" याच्यापलीकडे एक अक्षर बोलावं लागणार नाही.

त्यानं फळीवरचा स्क्रूंचा डबा उतरवला. अंगणात कुणी नाही असं बघून टोपीच्या क्लिपा उघडल्या, आणि हात तिथंच थांबला. अकरा वर्षांत त्यानं ही टोपी काढली नव्हती. दुसऱ्याच्या घरात मालक नसताना शिरल्यासारखं वाटलं. आतला भाग इतका स्वच्छ होता की त्याला जरा रागच आला.

काळा ठोकळा निघाला, चुंबकाचं कडं निघालं. पॉइंट बसले, कंडेन्सर बसला, वायर जागच्या जागी गेली. मग प्रश्न आला गॅपचा. गाडी सुरू होता कामा नये, तर गॅप चुकीची हवी. चुकीची म्हणजे केवढी? धाकट्याला विचार करावा लागला नाही. अकरा वर्षं त्याला एकच चुकीची गॅप माहीत होती. पट्ट्यांचा त्याचा स्वतःचा संच भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी विकत घेतलेला होता आणि वेष्टनातून कधी बाहेर आला नव्हता. तो त्यानं फोडला, अठराची पट्टी निवडली आणि मोठ्या समाधानानं, केसभरही इकडे तिकडे होऊ न देता, अगदी बरोबर अठराची गॅप बसवली. बाहेरचा बोल्ट मात्र पुतणीनं आवळला होता तसाच राहू दिला. गाडी सुरू करून बघितली नाही. खात्री असलेला माणूस बघत नाही.

गुरुवारी थोरला नऊला खाली आला. अंगात ठेवणीतला कोट, हातात ट्रंक, मान नुकती भादरलेली, म्हणून चेहरा शाळेत निघाल्यासारखा. धाकट्याच्या बायकोनं ट्रंक गाडीत मागे ठेवली. "पोचल्यावर फोन करा, भाऊजी."

"करीन. तू जेवणाच्या वेळा सांभाळ. तो विसरतो." तो कोण, हे तिनं विचारलं नाही.

थोरला सीटवर बसला. धाकटा चावीपाशी बसला आणि गाडी बंद पडल्यावर करायचा चेहरा त्यानं आधीच तयार ठेवला. चावी फिरवली.

पिकअप सुरू झाली. पहिल्या झटक्यात. पुतणीच्या ठोकळ्यावर व्हायची त्याहून मऊ, न थरथरता, एका सुरात. त्या गाडीत जन्मात कधी असा आवाज उमटला नव्हता, निदान धाकट्याच्या कानांवर तरी पडला नव्हता. तयार ठेवलेला चेहरा त्याच्या तोंडावर तसाच लटकून राहिला.

काय झालं ते त्याला फाटकातून बाहेर पडेपर्यंत कळलं. टोपीच्या आत अठरा होतं. टोपीच्या बाहेर पुतणीनं लावलेलं टायमिंग होतं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आतल्यानं बाहेरच्याला आणि बाहेरच्यानं आतल्याला चकवायचा प्रयत्न केला नव्हता. आणि गॅप अठराचीच हवी होती. पहिल्यापासून. आरशाच्या दिवशीसुद्धा.

त्यानं लांबचा रस्ता घेतला. शाळेमागून गेला, जिथून जायचं काहीच कारण नव्हतं. लाकडाच्या वखारीला वळसा घातला. कधी नव्हे ते प्रत्येक चौकात थांबून इतरांना वाट दिली. गाडी कुठंही अडखळेना. ज्या चढावर ती गेली कित्येक वर्षं दोनदा दम खायची, तो चढ तिनं उतार समजून पार केला. थोरला समोर बघत बसला होता. पण त्याची मान जरा बॉनेटकडे झुकली होती, डॉक्टर पाठीला कान लावतात तशी. पॉइंट चालू असले की एक बारीक टिकटिक येते. गाडी चालवणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, गॅप लावणाऱ्यांना येते.

बसथांबा दिसू लागला. बस उभी होती, कंडक्टर सामान वर चढवत होता. धाकट्यानं पिकअप कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं.

थोरला उतरला नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "किती ठेवलीस?"

अकरा वर्षांतला त्याचा हा पहिला प्रश्न. दोन शब्दांचा, पण "मार" आणि "थांब" यांच्यात न बसणारा.

धाकट्याच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. अठरा. तू म्हणत होतास तेच. हे सांगितलं की भांडण संपलं, आणि भांडण संपलं की थोरला शांतपणे उतरेल, ट्रंक घेईल, बसमध्ये खिडकीची जागा धरेल आणि जन्माचं समाधान घेऊन सहा तासांवरच्या गावी राहायला जाईल. जिंकलेल्या माणसाला अडवायला काहीच उरत नाही.

"सोळा," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं हळूच मान वळवली. "सोळावर असा आवाज येत नाही."

"येतोय की. ऐक."

"माझ्या कानाला शिकवू नकोस. हे अठरा आहे."

"सोळा आहे. मी स्वतः लावलीय."

"तू?" थोरला म्हणाला. "टोपी कुणी काढली?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं कुणाला? आत काही राहिलं नाही म्हणून मालक गाव सोडून चाललेत."

थोरल्यानं दार उघडलं. ट्रंककडे न जाता तो सरळ बॉनेटकडे गेला. "बंद कर," म्हणाला. धाकट्यानं इंजिन बंद केलं. कोटाच्या आतल्या खिशातून पोलादी पट्टी निघाली. लेकीकडे कायमचा राहायला निघालेला माणूस ती बरोबर घेऊन निघाला होता. टोपी निघाली. "पुढे जरा मार. बस. आणखी जरा. बस." पॉइंट पूर्ण उघडले तशी त्यानं पट्टी फटीत सरकवली. ती अडली नाही आणि हललीही नाही.

"बघ," थोरला म्हणाला. "अठरा. ये इकडे, डोळ्यांनी बघ."

धाकटा उतरला, वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. पट्टी अशी चपखल बसली होती की तिला तिथंच चौकट करावी.

"सोळा आहे," तो म्हणाला.

"आंधळा झालास का? पट्टीवर काय लिहिलंय?"

"लिहिलंय अठरा. पण अकरा वर्षं रोज घालून काढून झिजली नसेल का ती? दोन हजारांश झिजायला काय लागतं? अठराची झिजून सोळा झाली. म्हणजे इतकी वर्षं तूही सोळाच लावत होतास."

थोरल्यानं पट्टी फटीतून काढून बोटांनी चाचपली. असला मुद्दा त्याच्या डोक्यात कधी आला नव्हता, आणि आता आला होता तो निघणार नव्हता. धाकट्याला मनातून माहीत होतं की पट्टी तसूभरही झिजलेली नाही. त्याच्या कोऱ्या पट्टीनं लावलेली गॅप हिला नेमकी बसली होती, यातच सगळं आलं. इतकं खोटं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि इतक्या कळवळ्यानंही.

"हे पोलाद आहे," थोरला म्हणाला. "हे झिजतं?"

"पॉइंट झिजतात. ते कशाचे असतात?"

"तुझ्याकडे संच आहे ना? त्यानं मोज."

"माझी पट्टी तुला चालेल?"

"तुझी? मुळीच नाही," थोरला म्हणाला. "तू घासून ठेवली असशील."

"मग नवी आणायला लागेल. आणि गाडी चालतेय ती नव्या प्लगमुळे, गॅपमुळे नाही, हे आधीच सांगून ठेवतो."

"प्लगमुळे? गाढवा, प्लगचा यात काय संबंध? त्या दिवशी आरसा फुटला तेव्हाही तू प्लगच म्हणत होतास..."

"मी टायमिंग म्हणालो होतो का प्लग?"

"तू टायमिंग नाही म्हणालास, टायमिंग मी म्हणालो. तू गॅप म्हणालास."

कंडक्टर खिडकीतून वाकला. "आजोबा, येताय का? वेळ झाली."

"थांबा जरा," थोरला मागे न बघता म्हणाला. "इथं महत्त्वाचं चाललंय."

बस थांबत नसते. ती वळली, हॉर्न वाजवला आणि गेली. दोघांच्या अंगावर धूळ आली, तेव्हा थोरल्यानं आधी डिस्ट्रिब्युटरवर रुमाल धरला आणि मग स्वतःच्या तोंडावर. धूळ बसली. थोरल्यानं रस्त्याकडे एकदा बघितलं. बस कुठं दिसत नव्हती.

"स्पेअरपार्टचं दुकान दहाला उघडतं," धाकटा म्हणाला. "पण आज त्यांची सुटी."

"उद्या?"

"उद्या उघडतं."

थोरल्यानं कोट काढला, घडी घालून सीटवर ठेवला आणि बाह्या वर सारल्या. "उद्या मीच पट्टी निवडणार. तू दुकानाच्या बाहेर उभा राहायचंस."

"राहीन. पण मोजताना मी बघणार."

"बघ की. डोळे आहेत कुठे तुला."

पुतणीचा फोन काकूला दुपारी दोनला आला. बाबांना बसायला जागा मिळाली ना, एवढंच तिला विचारायचं होतं. काकूनं खिडकीतून बघितलं. अंगणात बॉनेट वर होतं, त्याखाली दोन पाठी, आणि दोघेही एकाच वेळी बोलत होते, म्हणून कोण काय म्हणतं ते कळत नव्हतं. दुपारचं जेवणही दोघांनी तिथंच मागवलं होतं, आणि ताटं मडगार्डवर ठेवून जेवले होते.

"बाबा निघालेच नाहीत गं," काकू म्हणाली.

"का? गाडी बिघडली? तो ठोकळा गेला का? मी चांगला बघून घेतला होता..."

"नाही, तो ठणठणीत आहे. कपाटात ठेवलाय मी, कपड्यात गुंडाळून."

"मग बाबा येणार कधी?"

काकूनं पुन्हा बाहेर बघितलं. थोरला पट्टी उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहत होता, आणि धाकटा त्याच्या खांद्यावरून, तिसऱ्यांदा, ती झिजलेलीच आहे असं सांगत होता.

"नक्की नाही सांगता येत," ती म्हणाली. "उद्या नवीन पट्टी आणणार आहेत. पण ती कुठल्या दुकानाची आणायची, यावर अजून बोलणं चाललंय."